एकाच खंडाचे रहिवासी : मुंबईतले चार दिवस

मुंबईच्या जंगलाचं नाव काढलं की बिबट्या आठवतो आणि खाडीचं काढलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. या चार दिवसांच्या यादीत दोघांनाही जागा नव्हती. बिबट्या आशियात आहे तसा आफ्रिकेतही आहे. ठाण्याच्या खाडीत उतरणारे दोन्ही जातींचे रोहित या दोन्ही खंडांत राहतात, मोठा रोहित तर युरोपातसुद्धा. कांदळवनातला कोल्हा युरोपापर्यंत पसरलेला आहे, म्हणून तोही वगळला. पाहायचे होते ते मूळ घर एकाच खंडात असलेले प्राणी. असा प्राणी समोर आला की एक प्रश्न विचारावा लागतो : याला पुढे जाण्यापासून कशानं अडवलं? समुद्रानं, वाळवंटानं, गरम पाण्यानं, की त्याच्याच खाण्याच्या सवयीनं? हा प्रश्न बरोबर असला की रोज दिसणारं माकडसुद्धा वेगळं दिसायला लागतं.

तयारी फार नाही, पण वार चुकले तर सगळं चुकतं. राणीबाग बुधवारी बंद असते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी. म्हणून गुरुवार ते रविवार असे चार दिवस धरले. महिना जानेवारीचा, कारण मगरी उन्हाला बाहेर येतात त्या थंडीत. तिसऱ्या दिवशीचे प्राणी चिखलावरचे, ते ओहोटीशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे शनिवारी तिथी कोणती येते हे आधी पंचांगात पाहिलं आणि मगच तारखा ठरवल्या. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि दाट झाडीत तिचं अरुंद दृश्य अडचणीचं ठरतं. कपडे मातकट किंवा शेवाळी, पांढरे नकोत. एक छोटी वही घ्यावी, कारण वेळ आणि जागा लिहून ठेवली नाही तर दोन दिवसांनी सगळ्या नोंदींची सरमिसळ होते.

पहिला दिवस, गुरुवार : राणीबाग

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून पायी दहा-पंधरा मिनिटांत वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान येतं. इथले बरेच प्राणी पाहुणे आहेत, तेव्हा सुरुवात इथून केली की दुसऱ्या खंडांची ओळख आधी होते आणि आपल्या घरचे प्राणी नंतर तुलनेसह पाहता येतात. सकाळी फाटक उघडताच थेट पेंग्विन कक्ष गाठावा. अकरानंतर शाळांच्या सहली आल्या की काचेपुढे उभं राहायला मिळत नाही. रविवारी तर तिकडे फिरकूच नये.

इथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. २०१६ साली ते दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले आणि मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला. काचेपलीकडे तापमान साधारण १६ ते १८ अंश ठेवलेलं असतं. ‘बर्फातला पक्षी मुंबईत कशाला’ हे वाक्य इथे दर पाच मिनिटांनी कानावर पडतं आणि ते चुकीचं आहे. हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहतच नाही. त्याचं घर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, पेरू आणि चिली. आणि हा किनारा जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एकाला लागून आहे. वर ऊन तापलेलं, खाली समुद्र मात्र थंडगार, कारण दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह त्या किनाऱ्याला घासून जातो. थंड पाणी तळाचं खत वर आणतं, त्यावर सूक्ष्म जीव, त्यावर अँकोव्हीसारखे छोटे मासे आणि त्यांवर पेंग्विन. उत्तरेला प्रवाह संपून पाणी कोमट झालं की मासे विरळ होतात आणि पेंग्विनही थांबतो. गरम पाणी हीच त्याची भिंत.

अंगावरच्या खुणा नीट पाहाव्यात. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती गुलाबी, बिनपिसांची कातडी आहे. उन्हात अंग तापलं की रक्त तिथे धावतं आणि उष्णता बाहेर जाते. थंडीतल्या पक्ष्याला अशी उघडी कातडी परवडली नसती. छातीवर काळा पट्टा एकच. त्याच्या शेजारी राहणाऱ्या मॅगेलन पेंग्विनला दोन असतात. एखादा पक्षी कोपऱ्यात फुगलेला, पिसं विस्कटलेली आणि पाण्यापासून दूर उभा दिसला तर तो आजारीच असेल असं नाही. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतो. त्या दोन-तीन आठवड्यांत त्याचं अंग पाणी अडवत नाही, म्हणून तो पोहत नाही आणि रानात असेल तर उपाशीच राहतो. त्यासाठी तो आधी चरबी साठवतो. किनाऱ्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साठलेले थर खणून तो घरट्याचं बीळ करायचा. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर जहाजं भरभरून उकरून नेले आणि घरटी उघड्यावर आली. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासे खोल जातात, वाळवंटात पाऊस पडून बिळं भरतात. मग त्या वर्षीची पिल्लं जगत नाहीत.

फोटो काढायचा तर भिंग काचेला टेकवावं आणि फ्लॅश बंद ठेवावा. गडद कपडे घातले तर काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही.

तिथून पाणघोड्याकडे. आज पाणघोडा फक्त आफ्रिकेचा. ‘आज’ या शब्दावर भर देतो आहोत, कारण नर्मदेच्या खोऱ्यात आणि शिवालिक टेकड्यांत पाणघोड्याच्या नामशेष जातींची हाडं मिळाली आहेत. शहामृगाचंही तसंच. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले. अश्मयुगातली माणसं ते घडवत होती. म्हणजे आज आफ्रिकेचा मानला जाणारा पक्षी एके काळी खानदेशात अंडी घालत होता. ‘एकाच खंडाचा’ ही प्राण्याची जन्मखूण नसते. पुष्कळदा ती उरलेल्या शेवटच्या घराची पाटी असते. राणीबागेतल्या गोरखचिंचेच्या बुंध्याजवळ थांबलो तेव्हा हेच मनात होतं. तो वृक्षही मूळचा आफ्रिकेचा, माणसांबरोबर समुद्र ओलांडून आलेला.

अस्वलासमोर मात्र जास्त वेळ काढावा, कारण हे आपलं. आपल्या रानातलं हे अस्वल भारतीय उपखंड सोडून कुठेच नाही. तोंड उघडलं की वरच्या जबड्यात मधले दोन दात नसल्याचं दिसतं. दात पडलेले नसतात, ते नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं : आधी नखांनी वारूळ फोडायचं, फुंकून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, ओठ नळीसारखे पुढे काढायचे आणि जोरात शोषायचं. हा आवाज रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं याची नखं आणि दात पाहून याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद ठरवलं आणि त्याच गटातलं नाव दिलं. चूक लवकरच सुधारली, तरी इंग्रजी नावात स्लॉथ अजून चिकटून आहे. मराठीनं ही चूक कधी केलीच नाही.

पुढे मगर आणि सुसर. ‘सुसर’ हा शब्द मराठीत कुठे मगरीला, कुठे लांब चिमट्यासारख्या तोंडाच्या घडियालला वापरतात. इथे अर्थ घडियाल. त्याला शंभरावर बारीक दात असतात. निमुळतं तोंड पाण्यात आडवं फिरवताना पाणी फारसं अडत नाही, म्हणून मासा हातचा जात नाही. हरणासारखं मोठं जनावर ओढायला मात्र हा जबडा कुचकामी. शिवाय वाढलेल्या घडियालला जमिनीवर अंग उचलून चालता येत नाही, पोटावर सरकावं लागतं. नदी सोडून दुसऱ्या नदीत जायचं कसं? त्यामुळे तो सिंधूपासून इरावतीपर्यंतच्या मोठ्या नद्यांपुरताच राहिला, आणि आज उरलेल्यांपैकी बहुतेक चंबळेत आहेत. पाण्याखालून दिसणाऱ्या काचेपाशी दुपारी ऊन थेट पडतं तेव्हा काही दिसत नाही. सकाळीच जावं.

दुसरा दिवस, शुक्रवार : राष्ट्रीय उद्यान, बोरिवली

सकाळी साडेसातच्या आत बोरिवली पूर्वेच्या मुख्य फाटकावर. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, पण चार तासांत त्यातला एक तुकडाच नीट पाहून होतो. पिंजराबंद गाडीतली सफारी आम्ही वगळली. तिथले वाघ-सिंह बंदिस्त आहेत आणि सफारीच्या रांगेत जो वेळ जातो, तोच सांबर-चितळांच्या हालचालीचा उत्तम वेळ असतो. शिलोंढ्याच्या वाटेवर मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, त्याची नोंदणी आधी करून ठेवावी लागते.

वाटेला लागल्यावर पहिली अर्धी घटका नुसतं ऐकायचं. ‘खक्-खक्’ असा खोकल्यासारखा आवाज झाडावरून आला तर ते वानराचं इशाऱ्याचं ओरडणं. खालून ‘ढाँक’ असा दणदणीत एकच आवाज आला तर सांबर, आणि कुत्रं थांबून थांबून भुंकतंय असं वाटलं तर भेकर. भेकर पुष्कळ वेळ भुंकत राहतं. म्हणून ते भुंकलं की बिबट्या आहेच असं समजू नये. सांबराचा आवाज जास्त भरवशाचा.

ओढ्याकाठी चितळांचा कळप होता, बरोबर वर वानरं. ही जोडी नेहमीची. वानर निम्मं खातं आणि निम्मं खाली टाकतं. कोवळी पानं, फुलं, फळं चितळांना आयती मिळतात. वानराची नजर उंचावरची, चितळाचं नाक जमिनीवरचं, त्यामुळे इशारे दोघांना उपयोगी पडतात. चितळ मूळचं भारतीय उपखंडाचं. ऑस्ट्रेलिया, हवाई, टेक्सास इथे आज दिसतं ते माणसांनी नेऊन सोडलेलं.

इथे एक भाषेची गोष्ट. मराठीत ‘हरीण’ म्हटलं की चितळही आलं आणि काळवीटही. जाणकार मात्र दोन कुळं वेगळी ठेवतात : सारंग आणि कुरंग. सारंगांची शिंगं भरीव हाडाची, फाटे फुटलेली, दरवर्षी गळून पुन्हा येणारी आणि बहुधा नरालाच. कुरंगांची शिंगं पोकळ, न गळणारी, आयुष्यभराची. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. काळवीट आणि चौशिंगा हे कुरंग. हा फरक कळला की नकाशा कळतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला अख्ख्या आफ्रिकेत मूळचा एकही सारंग नाही. तिथे कुरंगांची गर्दी आहे, डझनावारी जाती आहेत. सारंग मात्र वाळवंटाच्या उत्तरेच्या काठावरच थांबला. बोरिवलीच्या ओढ्यावर मिसरूड फुटल्यासारखी मखमली शिंगं घेऊन उभा असलेला चितळाचा नर पूर्ण आफ्रिकाभर फिरूनही दिसला नसता.

सांबर मादी जवळ दिसली तर गळ्याचा खालचा भाग दुर्बिणीनं पाहावा. काही जनावरांना तिथे केस गेलेला, लालसर, ओलसर चट्टा असतो. पुष्कळांना ती जखम वाटते आणि ते वनरक्षकाला सांगायला धावतात. तो विणीच्या काळाशी जोडलेला नैसर्गिक चट्टा आहे.

दिवसातला सर्वांत अवघड प्राणी म्हणजे पिसोरी, कोणी याला गेळाही म्हणतात. खांद्याशी उंची २५ ते ३० सेंटीमीटर, वजन २ ते ४ किलो. भारतात मिळणारं हे सर्वांत छोटं खुरधारी जनावर. अंगावर पांढरे ठिपके आणि आडवे पट्टे. ते ना सारंग, ना कुरंग. शिंगं नाहीतच, नराला वरच्या जबड्यात सुळे असतात आणि भांडताना तो तेच वापरतो. रवंथ करणाऱ्या जनावरांचं पोट चार कप्प्यांचं असतं. याचा एक कप्पा जेमतेम तयार झालेला, म्हणून पोट जवळपास तीन कप्प्यांचं. रवंथ करणाऱ्यांच्या जुन्या घडणीचा हा नमुना अजून आपल्या रानात चालतोफिरतो. याच्या दूरच्या नातेवाइकांपैकी एक मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलात आहे. मधला सगळा प्रदेश कोरडा पडत गेला आणि दोन टोकं सुटी राहिली.

पिसोरी दिसेल अशी आशा धरून कोणी येऊ नये. ते रात्रीचं आहे आणि धोका वाटला की पळत नाही, आहे तिथे गोठून उभं राहतं. शोधायचा तो माग. ओढ्याच्या काठी ओलसर बारीक माती असेल तिथे दोन सेंटीमीटरच्या आसपासचे, टोकदार, दोन फाळींचे ठसे. चितळाच्या पाडसाचा ठसा यापेक्षा मोठा असतो आणि बाजूला आईचे ठसे असतातच. एवढ्यावरून निवाडा होतो. २०२४ मध्ये फुलून वाळलेल्या कारवीच्या जागी आता नवी रोपं दाट आली आहेत. सात-आठ वर्षांनी ती फुलणार, तोवर खालची नजर अडणार. अशा जागी झुडपात शिरू नये, वाटेवरूनच पाहावं. जमिनीवर बसूनही राहू नये. बिबट्याच्या रानात बसलेला किंवा वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. मुलं बरोबर असतील तर ती मोठ्यांच्या मधोमध.

कातळावर ठळक जागी बियांनी भरलेली विष्ठा दिसली. ही उदमांजराची, म्हणजे कांडेचोराची. ते उंबर, शिंदी, जांभूळ अशी फळं खातं, गर पचवतं आणि बिया आख्ख्या टाकतं. आशियाबाहेर ते मूळचं नाही. मुंबईत ते जुन्या घरांच्या माळ्यावरही राहतं आणि लोक त्याला बिबट्याचं पिल्लू समजून फोन करतात. ओळख सोपी आहे : लांब शेपूट, चेहऱ्यावर काळा मुखवटा, अंगावर पुसट पट्टे-ठिपके.

वाघाटी तर त्याहून लहान. वजन दीड किलोच्या आसपास किंवा कमी, जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक. भारत, नेपाळ, श्रीलंका एवढंच तिचं जग. या मानाची दुसरी दावेदार आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली काळ्या पायांची मांजर, तीही एकाच खंडाची. उद्यानात वाघाटीच्या प्रजननाचं केंद्र आहे, पण ते प्रेक्षणीय स्थळ नाही, तेव्हा तिकडे जाण्याचा हट्ट धरू नये. उसाच्या फडात तोडणीच्या वेळी हिची पिल्लं सापडतात आणि लोक ती बिबट्याची समजून उचलतात. उचलली की आई परत नेण्याची शक्यता घटते. जिथे दिसली तिथेच ठेवायची आणि वन विभागाला कळवायचं.

दुपारी कान्हेरी. तिथे माकडं भरपूर, आणि ती दोन जातींची आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डोक्यावर मधोमध भांग पाडून केस चहूकडे टोपीसारखे पसरलेले आणि शेपूट अंगापेक्षा लांब : हे टोपीवालं माकड, फक्त दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाचं. डोक्यावर भांग नाही, शेपूट आखूड आणि ढुंगणाकडे तांबूस झाक : हे उत्तरेकडचं माकड, पार चीनपर्यंत पसरलेलं. दोघांची सीमा पश्चिमेकडे साधारण तापी नदीच्या आसपास होती, पण उत्तरेकडचं माकड दक्षिणेला सरकत आहे आणि टोपीवाल्याची जागा कमी होते आहे. गावोगाव माकडं पकडून दुसरीकडे सोडण्यानं ही सरमिसळ वाढते. कान्हेरीच्या पायऱ्यांवर त्यांना शेंगदाणे देणाऱ्यांना आम्ही हात जोडून थांबवलं. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती हिसकावतात, म्हणून खाणं चेन लावलेल्या पाठपिशवीत ठेवावं, आणि हिसकावलंच तर ओढाताण करू नये. चावा तिथेच बसतो.

तिसरा दिवस, शनिवार : ऐरोलीची खाडी

आजची गाडी घड्याळानं सुटत नाही, तिथीनं सुटते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तास बारा मिनिटांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. पंचमीला पावणेचारची भरती, दहाची ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. हिशेबात दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, शिवाय पाणी खाडीत आत शिरायला वेळ घेतं, म्हणून ठाण्याच्या बाजूला थोडं उशिरा धरावं. आमचा शनिवार पंचमीचा होता. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, चिखल कमी उघडा पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चिखल दूरवर उघडतो, पण ओहोटी सकाळी लवकर, सहाच्या सुमारास येते आणि थंडीत त्या वेळी निवटी मासे बाहेर पडत नाहीत. चतुर्थी-पंचमी हा सुवर्णमध्य.

निवटी म्हणजे चिखलावर चालणारा मासा. कोळीवाड्यात याचं कालवण होतं, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक, पण जिवंत निवटीला दहा मिनिटं पाहिलेला माणूस विरळा. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्राच्या परिसरात लाकडी वाटेवरून कांदळवनात जाता येतं. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. लोक इथे रोहितांच्या बोटीसाठी येतात आणि कठड्याखालच्या चिखलाकडे कोणी बघत नाही.

पद्धत अशी. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं. कठड्यापाशी अशा जागी उभं राहायचं की आपली सावली चिखलावर पडणार नाही. मग हलायचं नाही. आपण पोहोचतो तेव्हा सगळी निवटी बिळात गेलेली असतात. पाचव्या-सातव्या मिनिटाला बिळाच्या तोंडाशी दोन डोळे वर येतात, पंधराव्या मिनिटाला समोरचा चिखल सळसळायला लागतो. बोट दाखवण्यासाठी हात वर केला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. गटानं गेलात तर बोट न दाखवता ‘डावीकडच्या मुळापासून हातभर’ असं बोलून सांगावं.

इथलं मोठं निवटी, अंगावर निळसर ठिपके असलेलं, इराणच्या आखातापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतचं, म्हणजे आशियाचंच. चिखलावर चालणारे मासे आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरही आहेत, पण जाती वेगळ्या; अमेरिकेच्या दोन्ही खंडांत मात्र एकही नाही.

खाताना नीट पाहावं. तोंड चिखलाला टेकवून डोकं डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरतं. ते किडे शोधत नसतं. चिखलाच्या पापुद्र्यावर सूर्यप्रकाशात वाढलेले एकपेशीय डायटम ते खरवडून घेतं. म्हणून चरल्याच्या जागी चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. मासे दिसले नाहीत तरी या खुणांवरून ते तिथे आहेत हे कळतं. ढगाळ दिवशी किंवा पृष्ठभागावर तेलाचा तवंग बसला की हा पापुद्रा नीट वाढत नाही. खाडीत सांडलेलं तेल म्हणजे निवटीच्या ताटात ओतलेलं तेल.

श्वासाचं काय? गालफडं फुगलेली दिसतात, त्यात पाणी धरलेलं असतं. शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ते हवेतला प्राणवायू घेतं. कातडी वाळली तर जीव जातो, म्हणून मधूनच कुशीवर लोळून अंग ओलं करतं. लोळणारं निवटी पाहून मुलं हसतात. ती त्याची निकड आहे. डोळे उंचावर असतात आणि मधूनमधून खोबणीत आत ओढले जातात. खाली साठवलेल्या पाण्यात ते बुडवून घ्यायचे आणि पुन्हा वर काढायचे, अशी ती पापणी.

बिळाची रचना याहून विलक्षण. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, हाताला येतो तो सडक्या अंड्यासारखा गंधकी वास. अशा ठिकाणी अंडी कशी जगावीत? चिखलातल्या माशांच्या काही जातींमध्ये नर तोंडात हवा भरून बिळात नेतो आणि आतल्या घुमटीत सोडतो. अंडी त्या घुमटीच्या छताला, हवेत, चिकटवलेली असतात. भरतीच्या वेळी पाणी वरून जातं, आत बुडबुडा तसाच राहतो. बीळ पायानं दाबलं गेलं की हा बुडबुडा फुटतो. कठड्याखाली उतरू नका असं सांगतो ते यासाठी. आपल्या बाजूनंही धोका आहेच : हा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि भरती फिरली की पाय काढायला वेळ राहत नाही. फोटोसाठी खाली उतरण्याइतका कोणताही फोटो मोलाचा नाही.

पाणी चढायला लागलं, लहान जातीची निवटी कांदळाच्या मुळांवर चढून बसली, मोठी बिळात गेली. काम संपलं.

चौथा दिवस, रविवार : पवई

कांजुरमार्ग पश्चिमेकडून रिक्षानं पवई तलाव. तलाव १८९१ चा, पिण्यासाठी बांधलेला. पाणी पिण्यायोग्य राहिलं नाही. मगरी मात्र आहेत. ही आपली गोड्या पाण्यातली मगर इराणच्या बलुचिस्तानपासून भारत, नेपाळ, श्रीलंकेपर्यंत, म्हणजे पुन्हा फक्त आशियात. खाऱ्या पाण्यातली मगर याच भारताच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेली, कारण ती समुद्राच्या प्रवाहावर तरंगत शेकडो किलोमीटर जाते. आपली मगर तळी, नद्या, धरणं यांत रमली. तळं आटलं तर जमिनीवरून चालत दुसरं गाठते किंवा काठाला बीळ खणून उन्हाळा काढते. चालणं तिला समुद्राऐवजी उपयोगी पडलं.

थंडीत सकाळी दहा ते दुपारी एक हा पाहण्याचा काळ. तोंड उघडं ठेवून निपचित पडलेली दिसते. अंगाचं तापमान राखण्याची ती रीत आहे, हल्ल्याची तयारी नाही. पाण्यात असेल तर ओंडका समजून नजर पुढे सरकते. ओंडक्याला तीन उंचवटे एका रेषेत, पुढे एक लहान आणि मागे दोन, असे असत नाहीत : ते नाक आणि डोळे. पदपथावरून, कठड्याच्या आतूनच पाहावं. गळ टाकून काठावर उकिडवं बसणं, कपडे धुणं, कुत्रं पाण्यात सोडणं, हे तिन्ही इथे धोक्याचं.

तलाव झाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. तिच्या घरी तिला खाणारे किडे आहेत, इथे नाहीत, आणि सांडपाण्याचं खत आयतं. घरचा शत्रू मागे राहिला की एका खंडाची वनस्पती दुसऱ्या खंडात कशी माजते, ते इथे डोळ्यांपुढे आहे. दाट जलपर्णीत मगर दिसत नाही, म्हणून मोकळं पाणी असलेला काठ निवडावा.

पवईहून जोगेश्वरीकडे जाणारा रस्ता एका न दिसणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावरून जातो. जोगेश्वरीतल्या एका विहिरीत डोळे नसलेला, खवले नसलेला, लालसर बाममाशासारखा मासा मिळाला आणि २०२१ मध्ये त्याला मुंबईचंच नाव मिळालं : रक्तमिक्थिस मुंबा. तो जमिनीखालच्या पाण्यात राहतो. त्याच वर्षी ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. विहिरी बुजवताना आणि टेकड्या खणताना काय बुजतं, ते अजून मोजून झालेलं नाही.

संध्याकाळी पुन्हा तलावाकडे यावं. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मोठी वटवाघळं फळझाडांच्या शोधात निघतात. पंखांचा पसारा मीटरभराहून अधिक, उड्डाण संथ, कावळ्यासारखं. ही जात दक्षिण आशियाची. हिच्या जवळच्या जाती हिंदी महासागरातल्या बेटांवरून पार पेंबा बेटापर्यंत पोहोचल्या आहेत. पेंबापासून आफ्रिकेची मुख्य भूमी सुमारे पन्नास किलोमीटर, एका रात्रीच्या उड्डाणाची. तरीही मुख्य भूमीवर या गटाचं एकही वटवाघूळ राहत नाही. पश्चिमेकडचं आकाश अजून उजळ असतं तोवर, दुर्बीण न लावता, एका झाडाच्या शेंड्यावरून किती जातात ते दहा मिनिटं मोजावं आणि वहीत वेळेसह लिहावं. अंधार पडला की मोजणी थांबवावी, कारण त्यानंतर एकच वटवाघूळ दोनदा मोजलं जातं.